रकाना क्रमांक अकरा

मंडळाकडे तेव्हा जीप एकच होती
आणि ती साहेबांच्या मुलीला शाळेत सोडायची.
म्हणून आम्ही पायी निघालो, मांडवीच्या मागून,
मी आणि टेपचं दुसरं टोक धरणारा शनाभाई.
काटेगली. नकाशात तिला नाव नव्हतं,
नुसतं 'जीर्ण वस्ती, ब'.

फॉर्मवर रकाने अकरा.
लांबी, रुंदी, भिंत, छप्पर, मालक, पोटभाडेकरू,
धंदा, हात किती, वार्षिक उलाढाल.
दहावा : ठेवणे की पाडणे.
अकरावा, इतर शेरा, बोटाच्या पेराएवढा.
त्यात कुणी काही लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

मुश्ताक खरादी सराफाचा काटा लावत होता.
उलाढाल किती? मी विचारलं.
त्यानं नुसता हात वर केला :
थांबा बेन, श्वास सोडू नका, पारडं हलतंय.
थांबलो. शनाभाईच्या हातात टेप तशीच ताणलेली.
सरकार म्हणून इतकी गप्प
मी नोकरीत पुन्हा कधी उभी राहिले नाही.

सत्तावीस दुकानं, नऊंना कुलूप.
हसुमतीबेननं नवऱ्याची वजनं मांडली,
पाच शेरापासून गुंजेपर्यंत, पुसून, ओळीनं,
शाळेच्या फोटोला उभी केल्यासारखी.
म्हणाली, गिऱ्हाईक आता काट्याकडे बघत नाही,
आकड्याकडे बघतं.

तुम्हाला काय पाहिजे, असा रकानाच नव्हता.
तरी विचारलं.
वाटलं, कमान मागतील, बाग, नवी पाटी.
जशुभाई म्हणाले, थ्री-फेज अपावो, बेन,
बाकी अमे फोडी लईशुं.
बाकीचं आमचं आम्ही बघून घेऊ.

ऑफिसात धुरंधर साहेबांच्या टेबलावर
त्याच जागेचं थर्माकोलचं व्यापार संकुल,
बारा मजले, आगकाड्यांची झाडं.
रकाना दहा आधीच टाइप झालेला : पाडणे.
मी अकराव्यात बारीक लिहिलं :
तीन फेजची जोडणी व गटार मिळाल्यास
गल्ली आपल्या पायावर उभी राहील.
अक्षर रकान्याबाहेर गेलं.
त्याबद्दल मेमो मिळाला.

फाइल सहा वर्षं झोपली.
कूस बदलली की अंदाजपत्रक फुगायचं.
मग एका एकतीस मार्चला, रात्री साडेनऊला,
उरलेला निधी परत जाऊ नये म्हणून
कुणीतरी हाताला लागली ती फाइल ओढली.
केबल आली. गटार अर्धं आलं.
पुनरुज्जीवन हा शब्द नंतर, अहवालात.

संकुल दुसरीकडे झालं.
अहवालाच्या मुखपृष्ठावर तेच,
चार मजले अजून रिकामे, कबुतरं सोडून.

परवा गेले होते. पेन्शनीत वेळ असतो.
हसुमतीबेन मांजलपुरात मुलाकडे,
तिच्या जागी मोबाइलची कव्हरं.
नऊपैकी पाच कुलुपं निघाली,
दोन बिल्डरनं घेतली, दोन कोर्टात.
मुश्ताकची तसनीम
दवाखान्यांचे, प्रयोगशाळांचे काटे जुळवून देते,
चौदा जण हाताखाली.
बापाचा सराफी काटा काचेच्या पेटीत,
पण लेथ सुरू झाली की अजून थरथरतो.
बाहेर मीटरच्या पेटीवर
शनाभाईनं रंगवलेलं मंडळाचं नाव,
विकासातला वि दीर्घ.

तिनं मला ओळखलं नाही.
गिऱ्हाईक समजून खुर्ची दिली, पाणी दिलं,
आणि तक्रार सुरू केली :
संध्याकाळी व्होल्टेज पडतं,
लोड वाढवून हवाय,
मंडळात कुणी धड बोलत नाही,
भेटायचं तरी कुणाला?

मी म्हटलं, खिडकी सात.
तीनच्या आत जा.
तीननंतर शिक्का कपाटात जातो
आणि कपाटाची चावी घरी.